दोन टिपाडं पाणी

गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली तेव्हा महानंदा दुपारची जरा लवंडली होती. आधी तिला वाटलं, शेजारी कुणी गहू पाखडतंय. मग तो आवाज जाड झाला, खिडकीच्या छज्ज्यावर आदळला आणि गजांच्या बाहेरून पाण्याची एक पट्टी सरळ खाली उतरताना दिसली. उन्हात ती लखलखत होती. बाहत्तर वर्षांची, गुडघे धरलेली बाई, पण चपला न घालता दोन जिने चढून गेली, मोटारीचं बटण खाली ओढलं आणि कठड्याला धरून ओरडत राहिली, "अगं कुणी हाय का न्हाई घरात? पाणी चाललंय की, पाणी!" वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी सृष्टी केस पुसत बाहेर आली. नुकतंच लग्न झालेली पोर. "आज्जी, मीच विसरले बघा. एवढं काय घाबरून राहिलात? धरण भरलंय की यंदा," ती म्हणाली आणि हसली. त्या हसण्यात वाकडं काही नव्हतं. खाली गल्लीतून पाणी स्कूटरींच्या चाकांमधून वाट काढत मोठ्या रस्त्याकडे निघालं होतं. दुकानदार आपल्या गल्ल्यावर बसला होता, समोरची बाई पापड उलटत होती. पाणी वाया गेलं याचं महानंदाला तेवढं काही वाटलं नाही. एकाही माणसानं मान वर केली नाही, ते तिला लागलं. याच गल्लीत नऊ वर्षांपूर्वी टँकरच्या पाइपावरून बायकांनी एकमेकींचे केस धरले होते. ते सगळं तिलाच आठवत होतं की काय? आणि इतरांना आठवत नसेल, तर तिनं एकटीनंच ते का धरून ठेवायचं?

त्याच संध्याकाळी नांदेडहून दिपालीचा फोन आला. दिपाली तिच्या नणंदेची, महादेवीची मुलगी. तिकडं शाळेत शिकवते. "मामी, घर झालं बरं का. पाडव्याला गृहप्रवेश. खालची खोली तुमची. पायऱ्या नाहीत, न्हाणीत धरायला दांडी लावून घेतलीय." महानंदा नुसतं हं हं करत राहिली. "हं काय? मागच्या दसऱ्याला पडलात तेव्हा दोन तास तशाच पडून होतात म्हणे. शेजारणीनं सांगितलं मला. आईचं तुम्ही शेवटपर्यंत केलंत. त्या उन्हाळ्यात, पाण्याचा थेंब नसताना, तुम्ही आईला न्हाऊ घालून पाठवलंत. आता तुमचं मी करणार. रविवारी सांगा, म्हणजे सामानाला टेम्पो लावते." महानंदाला मूल नव्हतं. तिचे यजमान शरणप्पा जाऊन अकरा वर्षं झाली होती. खालची खोली, दांडी लावलेली न्हाणी, दारातून 'मामी' म्हणून कुणी हाक मारणं, हे सगळं तिला हवं होतं. ती म्हणाली, "बघू."

दुसऱ्या दिवशी तिनं सृष्टीला वर जाऊन सांगितलं, "मला समुद्र बघायचाय. गर्दी नको. एकटी जाणार हाय." सृष्टीनं मोबाइलवर बोट फिरवत विचारलं, "एकट्याच? या वयात? आज्जी, तुम्ही लई खतरनाक निघालात." मग तिनंच कोकणातलं एक बेट शोधून काढलं. बेटावर पाचसहा घरं, त्यांतल्या एकात राहायची सोय, समोरच्या बंदरावरून होडी. लातूरहून कोल्हापूर, कोल्हापूरहून घाट उतरून खाली. दोन रात्रींचा मुक्काम आणि रविवारच्या आत परत. समुद्र महानंदानं कधी पाहिला नव्हता. छत्तीस वर्षं चौथीच्या मुलांना ती भिंतीवरच्या नकाशात निळा रंग दाखवत आली होती, पृथ्वीवर तीन भाग पाणी आणि एक भाग जमीन. आणि पट्टी धरलेल्या हातामागं स्वतःचा घसा कोरडा असायचा, कारण शाळेतला माठ दुपारीच संपे. तीन भाग पाण्याच्या काठाशी जाऊन एकदा बसावं, आणि दिपालीला काय सांगायचं ते तिथं ठरवावं, एवढाच तिचा बेत होता. खरं सांगायचं की नाही, हे लातुरात ठरत नव्हतं. लातुरात त्या प्रत्येक गल्लीचं, प्रत्येक नळाचं काहीतरी म्हणणं होतं.

होडीतून उतरताना तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. घरच्या बाईनं, शालन तांडेलनं, तिचा हात धरून वाळूवर घेतलं. पन्नाशीची, उन्हानं काळवंडलेली, मोठ्या आवाजाची बाई. "खंयसून इलास म्हणालास? लातूर? भूकंपाचा लातूर?" "हाव, तेच," महानंदा म्हणाली, "आन् रेल्वेनं पाणी आलेलं." "रेल्वेन पाणी?" शालन हसायला लागली, मग महानंदाचं तोंड बघून थांबली. जेवायला बसताना कळलं की पाहुणी मासे खात नाही, अंडंही नाही. "माशे नाय, मग बेटार करूक काय इलास ओ मावशी? खारा वारा खावक?" असं म्हणत तिनं वेगळ्या भांड्यात वरण टाकलं, नारळ खवला. घरात आणखी एक होती, शालनची सासू. पडवीत खाटेवर पडून असायची. डोळे गेलेले, पण कान तल्लख. पाहुणीच्या पावलांकडे मान वळवून म्हणाली, "नवा माणूस. हलक्या पायाचा." महानंदानं त्या खाटेकडे नीट पाहिलं नाही. म्हातारीच्या उशाशी पाण्याचा तांब्या होता, त्यावर वाटी पालथी घातलेली. तेवढं तिनं पाहिलं आणि ती बाहेर आली.

समुद्र तिला वाटला होता तसा नव्हता. निळा तर मुळीच नव्हता. गढूळ राखाडी, आणि सारखा काहीतरी आवरत असल्यासारखा. वाळूवर जाळी पसरली होती, पलीकडे सुरूची झाडं, त्यांच्या मागं पाच कौलारू घरं, मधोमध एक विहीर. चारी बाजूंनी पाणी आणि मधे ही इवलीशी विहीर. तिला ते बघून उगीच भरून आलं. ती वाळूवर बसून राहिली आणि महादेवी मनात आली. यायचीच. महादेवी उदगीरकडं दिलेली. नवरा गेला, मग डाव्या अंगावरून वारं गेलं, आणि दिपालीची नोकरी नवी, पोरं लहान म्हणून ती भावाच्या घरी आली. भाऊ तर आधीच गेलेला. उरल्या दोघी, एक पडलेली आणि एक उभी. आजारपणात महादेवीची मराठी मागं पडली आणि आईकडचं कानडी वर आलं. "वैनी, नीर," ती म्हणे. पाणी. महानंदा चमच्यानं पाणी पाजी. प्यायला तिनं कधी कमी केलं नाही, हे ती स्वतःला पुन्हा पुन्हा सांगे, आणि ते खरंही होतं.

नऊ वर्षांपूर्वीच्या त्या चैत्रात नळाला शेवटचं पाणी येऊन महिना झाला होता. टँकर कधी यायचा, कधी नाही. लोक पाण्याच्या पिंपांना, टिपाडांना कुलपं लावत. महानंदाकडेही दोन निळी टिपाडं होती, मागच्या अंधाऱ्या खोलीत, आणि खोलीची किल्ली कमरेला. एक गच्च भरलेलं, एक गळ्यापर्यंत. त्यातलं पाणी ती वापरत नव्हती. वापरायचं पाणी वेगळं, घागरीतलं. भांडी राखेनं घासायची, फडक्यानं पुसायची, स्वतःची आंघोळ तांब्याभर पाण्यात. ती टिपाडं उद्यासाठी होती. उद्या म्हणजे कधी, हे तिला ठाऊक नव्हतं. रोज पहाटे ती दार उघडून झाकण उचले, पातळी बघे आणि झाकण लावी. पातळी बोटभर खाली गेल्यासारखी वाटली की दुपारी पुन्हा उघडून बघे. महादेवीला जुलाब लागले तर? आग लागली तर? कारणं पुष्कळ होती, आणि बहुतेक कारणांमध्ये महादेवीचंच नाव होतं. त्या सोमवारी महादेवीनं डोकं उशीवर घासत म्हटलं, "वैनी, डोस्क्यावरून नीर हाक." डोक्यावरून पाणी घाल. तिला न्हाऊन एकोणीस दिवस झाले होते. केसांच्या जटा झाल्या होत्या, मानेवर घामोळं फुटलं होतं, ओल्या फडक्यानं पुसून ते भागत नव्हतं. महानंदा म्हणाली, "पाणी न्हाई ग महादेवी. उद्या टँकर येऊन राहिलाय. उद्या नक्की घालते." महादेवीनं तिच्याकडे पाहिलं. एका बाजूनं ओढलेल्या त्या चेहऱ्यावर राग होता की हसू, हे ओळखता येत नसे. पण खाट मागच्या खोलीच्या भिंतीला लागून होती. रोज पहाटे झाकणाचा आवाज त्या भिंतीतून जात असणार. तिनं पुन्हा मागितलं नाही. गुरुवारी सकाळी चमच्यातलं पाणी तिच्या ओठांवरून गालावर ओघळलं, तेव्हा महानंदाला कळलं.

त्यांच्यात, लिंगायतांत, मयताला न्हाऊ घालून, विभूती लावून, बसवून नेतात. विधी करणारे स्वामी आले, त्यांनी दबकतच विचारलं, "पाण्याची काय सोय? न्हाईतर नुसतं चार थेंब शिंपडून प्रोक्षण करू, चालतंय अशा दिवसांत." महानंदानं कमरेची किल्ली काढली, खोली उघडली. बायका दारात उभ्या होत्या. दोन टिपाडं बघून त्या एकमेकींकडे पाहू लागल्या. मग शेजारची धोंडाबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "बघा ग बायांनो. सोता कोरडी राहिली, पर नणंदेच्या शेवटच्या न्हाणाला पाणी राखलं माय." तिथून ते सुरू झालं. सात घागरी पाणी घातलं. शिकेकाईनं केस धुतले. जटा सुटल्या, केस कमरेपर्यंत आले, पाणी मोरीतून धो धो गेलं, आणि महानंदा घागर ओतत राहिली, ओतत राहिली. कुणी म्हणालं पुरे, तरी ओतत राहिली. दिपाली नांदेडहून पोचली तेव्हा आई न्हाऊन, केस विंचरून, भस्म लावून बसलेली होती. दिपालीनं आईच्या ओल्या केसांवरून हात फिरवला आणि वळून महानंदाच्या पायांवर डोकं ठेवलं. तेव्हा बोलायचं होतं. तेव्हा ती नाही बोलली, मग तेराव्याला नाही, वर्षश्राद्धाला नाही. आणि न बोललेलं दरवर्षी थोडं थोडं तिच्या कौतुकात मिसळत गेलं, शेवटी वेगळं काढता येईना. महादेवी गेली त्यानंतर चार दिवसांनी मिरजेहून पाण्याची गाडी आली. लोक स्टेशनवर फुलं घेऊन गेले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे शालन आणि तिचा नवरा मासळी घेऊन होडीनं बंदरावर निघाले. जाताना शालननं मागच्या अंगणातलं बटण दाखवलं. "ह्या दाबलास की विहिरीचा पाणी येता. बादली भरली की बंद करा हां मावशी. आये निजली हा, तिका उठवू नकात. दहापर्यंत येतंव आमी." होडी गेली. महानंदानं बटण दाबलं. नळातून पाणी आलं, जाड, थंड, काचेसारखं. तिनं ओंजळ तोंडाला लावली. गोड! चारी बाजूंनी खारट आणि मधे असं गोड. बादली भरली. बटणाकडे हात गेला आणि थांबला. पाणी आलंय, वीज आहे, कुणी आडवं येत नाही, आणि घरात हंडे रिकामे आहेत. त्या हाताला बंद करणं येतच नव्हतं. तिनं हंडा लावला. मग कळशी. मग पितळी पातेली, कालची कढई घासून तीही, मोठा टब, दोन रिकामे डबे, परसातली मडकी. मग माशांचे प्लॅस्टिकचे खोके दिसले. ते तिनं नाक न मुरडता चारचार वेळा विसळून भरले. एक थेंब सांडू दिला नाही. एक भांडं भरत आलं की दुसरं तयार. कंबर दुखत नव्हती, गुडघे आठवत नव्हते. किती वर्षांनी तिला असं हलकं वाटलं. ही बाई परत येईल, सगळं भरलेलं बघेल, म्हणेल बरं झालं मावशी होत्या. शेवटी भांडी संपली तेव्हा ऊन अंगणात आलं होतं. तासाच्या वर मोटार चालली असावी. तिनं बटण बंद केलं आणि दमून शेवटच्या कळशीतलं घोटभर पाणी प्यायली. ते तोंडातच राहिलं. खारट होतं. पुरतं खारट नाही, मचूळ. डोळ्यांतलं पाणी ओठांवर यावं तसं. तिनं नळाखाली बोट धरून उरलेला थेंब चाखला. मग विहिरीपाशी गेली आणि आत वाकून पाहिलं. पाणी होतं, पुष्कळ होतं, आणि त्यात तिचं डोकं दिसत होतं.

"मोटार किती येळ चालू व्हती?" शालननं आल्या आल्या विचारलं. अंगणभर भांडी मांडलेली, प्रत्येकावर ताट नाहीतर पाट झाकलेला. महानंदा उभीच होती. "तासभर. ज्यास्तीच." शालनचा नवरा तसाच विहिरीकडे गेला. शालन ओट्यावर टेकली. "अगो बाय माझे," ती हळूच म्हणाली, रागानं नाही. "मावशी, ही तुमच्या गावासारखी विहीर न्हय. गोडा पाणी वर आसता, पातळ सायीसारख्या. खाली सगळो समुद्र. आमी घरटी दोन हंडे काढतंव आणि सोडतंव तिका. एकदम उपसला की खारा वर येता." "मग आता?" "आता काय. आठ दिसांनी खारा परत बसात खाली. तोपर्यंत बंदरावरसून पाणी हाडूचा." पाच घरांना. होडीनं आणायचं. महानंदाला बसायचं होतं, पण बसायला जागा नव्हती, सगळीकडे पाणी होतं. मग शालन उठली, एकेका भांड्यात बोट बुडवून चाखत गेली. पहिला हंडा, दुसरा, कळशी, टब. "ह्या गोडा आसा. ह्याय गोडा. आधी भरलेला सगळा गोडाच आसा ओ!" ती वळली, आणि तिच्या चेहऱ्यावर खरोखरचा आनंद होता. "बरा केलास भरून ठेवलास तां. आयेक भायरचा पाणी चलना नाय, पोट बिघडता. तिका आता आठ दिस पुरात. देवासारखा केलास, मावशी."

हे महानंदानं आधीही ऐकलं होतं. वेगळ्या तोंडून, वेगळ्या अंगणात, पण कौतुक तेच. स्वतः सगळ्यांचं पाणी नासवायचं, आणि नासायच्या आधीची चार भांडी जपल्याबद्दल देव व्हायचं. "देवासारखं काय न्हाई," ती इतक्या जोरात म्हणाली की पडवीतली म्हातारी कण्हली. "मीच खराब केलं. तुम्ही बंद कर म्हणालात, मी केलं न्हाई. कळत असून केलं न्हाई." "असूंदे ओ, तुमका काय म्हायती—" "म्हाईत होतं," महानंदा म्हणाली, आणि शालन गोंधळून तिच्याकडे बघत राहिली, कारण ती कशाबद्दल बोलत होती ते तिला कळणं शक्यच नव्हतं.

जुन्या, मोडक्या धक्क्याच्या टोकाशी फोन लागतो असं शालननं कालच सांगितलं होतं. महानंदा तिथं गेली. दिपालीला तिनं निघतानाच कळवलं होतं; आता तिची मधली सुट्टी असणार. मागं मुलांचा गलका ऐकू येत होता. "मामी! पोचलात का? समुद्र कसाय? आणि माझं काय ठरलं?" महानंदानं वाक्यं जुळवली होती, ती सगळी गेली. तिनं सरळ सांगितलं. दोन टिपाडं. किल्ली. सोमवार. "तिनं मागितलं होतं, दिपाली. डोक्यावरून पाणी घाल म्हणाली. मी न्हाई म्हणले. पाणी होतं आन् मी न्हाई म्हणले. ते मेल्यावर घातलं." मुलांचा गलका तसाच चालू होता. कुणीतरी मॅडम मॅडम करत होतं. "किती दिवस?" दिपालीनं विचारलं. "काय?" "किती दिवस आईनं आंघोळ केली नव्हती?" "एकोणीस. सोमवारला एकोणीस." मग दिपालीचा आवाज आला, अगदी सपाट, वर्गात हजेरी घ्यावी तसा. "मामी, मी तिला तुमच्याकडं टाकून नोकरीला आले. वर्षात चार वेळा आले असेन बघायला. रात्री झोप लागायची नाही मला. मग मी एकच गोष्ट डोळ्यांपुढं आणायची. आईचे ओले केस. शिकेकाईचा वास. म्हणायचे, काही का असेना, आई न्हाऊन गेली, तिला कुणीतरी बघत होतं. नऊ वर्षं त्याच्यावर झोपले मी. माझ्यापाशी तेवढंच होतं." "दिपाली—" "तुम्हाला सांगायचं होतं तर तेव्हाच सांगायचं. नाहीतर कधीच नाही." फोन बंद झाला.

महानंदा धक्क्यावर बसून राहिली. तिला वाटलं होतं, सांगितलं की एक तर शिक्षा मिळेल, नाहीतर माफी. दोन्हींची तिनं तयारी केली होती. दिपालीजवळही एक भरलेली घागर असेल, आणि आपण तीही उपडी करू, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. आपण खरं बोललो ते दिपालीसाठी, की त्या शालनचे चार शब्द सोसवेनात म्हणून? हे तिनं स्वतःला विचारलं, आणि उत्तर यायच्या आत मान फिरवली. खालची खोली गेली. ती जाणार हे तिला आधीपासून ठाऊक होतं, त्याचं एवढं दुःख नव्हतं. नांदेडच्या एका वर्गात आता फळ्याकडे तोंड करून एक बाई उभी असेल आणि तिच्या डोळ्यांपुढं जटा झालेले केस असतील. ते आता कशानं धुवायचे?

दुपारच्या भरतीला होडी सुटणार होती. दुसरी रात्र राहायला ती थांबली नाही. पाच घरांच्या पाण्यात आणखी एक तोंड नको, म्हणाली. शालननं रागावून तिच्या पिशवीत दोन नारळ कोंबले. म्हातारीनं खाटेवरून विचारलं, "हलक्या पायाचा माणूस चल्ला?" महानंदानं जवळ जाऊन तिच्या पायांवर हात ठेवला. होडी बेटापासून सुटली. इंजिनाचा धूर पाण्यावर पसरला. अर्ध्या वाटेवर फोन वाजला, आणि काचेवर दिपालीचं नाव आलं. ती नुसती बघत राहिली. "घेवा, घेवा," शालनचा नवरा सुकाणूवरून ओरडला, "फुडे खडकाच्या आड गेलंव की रेंज जाता." तिनं फोन कानाला लावला. पलीकडून कुणी बोललं नाही. शाळा सुटली असावी. रिक्षांचे हॉर्न, कुणीतरी उसाच्या रसवाल्याला हाक मारलेली, आणि त्या सगळ्याच्या अलीकडे, अगदी कानाशी, कुणाचातरी श्वास. महानंदाही बोलली नाही. इंजिन धडधडत होतं, ते तिकडं ऐकू जात असणार. दोघींपैकी कुणी फोन ठेवला नाही. खडक जवळ येत होता. ती होडीत पुढं वाकली, दुसरा कान हातानं झाकून घेतला आणि तो श्वास ऐकत राहिली, मोजल्यासारखा, एकेक, तो तुटेपर्यंत.